मावशी-काकांसाठी दुबई की मस्कत?

मावसबहिणीला आई-बाबांना पहिल्यांदाच परदेशी न्यायचंय, आणि दुबई की मस्कत यावर तिचं घोडं अडलंय. एजंटांची पॅकेजं बाजूला ठेवून तिलाच सांगते.

व्हिसा: दुबईचा पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा, आपल्याकडचे लोक तो बहुधा विमान कंपनी किंवा एजंटाकडून काढतात. मस्कतसाठी ओमानचा ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या साइटवर स्वतः भरता येतो. मुदत उलटली तर दुबईत रोजचा दंड ५० दिरहॅम, ओमानात १० रियाल. आकडा लहान दिसला तरी फसू नकोस, एक रियाल म्हणजे जवळपास साडेनऊ दिरहॅम!

फिरणं: दुबईत मेट्रो. मस्कतला गाडी लागतेच. तिथली सुलतान काबूस मशीद आपल्याला, म्हणजे मुस्लिम नसलेल्यांना, सकाळी ८ ते ११च बघता येते, शुक्रवारी नाही.

सामान: मावशीच्या अनारशांवर खसखस असते ना? दुबईला नेऊ नकोस, तिथे खसखशीला बंदी आहे. काकांच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी दोन्हीकडे हवीच.

झगमगाट हवा आणि गाडी चालवायला कुणी नाही, तर दुबई. तू स्वतः गाडी चालवणार असशील आणि काकांना समुद्र-डोंगर शांतपणे बघायचे असतील, तर मस्कत.