थारसाठी अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट लुव्हर किट: खोका उघडण्यापासून पत्रा कापण्यापर्यंत

लुव्हर म्हणजे बॉनेट कापून त्यावर बसवायची तिरक्या पट्ट्यांची पाटी; पट्ट्यांमधल्या फटींतून इंजिनाची गरम हवा वर निघते. खोक्यात काय असतं ते आधी. २ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पाट्या, काळं पावडर कोटिंग, प्रत्येकीवर मागे तोंड केलेल्या सात पट्ट्या. एम-५ चे स्टेनलेस अ‍ॅलन बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट, काळी जाळी, चिकटपट्टीसारखा गुंडाळलेला स्पंज, आणि घडी घातलेला झेरॉक्स कागद, ज्यावर कापायचा आकार छापलेला आहे. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या थारसाठी बाजारात मिळणारी बहुतेक किटं थोड्याफार फरकाने हीच. पाट्या उत्तम. बाकी खोक्यातल्या निम्म्या वस्तू बदलाव्या लागतात, आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू खोक्यात नसतेच. ती कोणती, ते पुढे येईल.

किट घेण्याआधी दोन प्रकार वेगळे करा. टू-साइड टेपने वरून चिकटवायचे एबीएस प्लॅस्टिकचे लुव्हर ही निव्वळ नक्षी आहे. खाली भोकच नाही तर हवा जाणार कुठून? ते हवे असतील तर हौस म्हणून घ्या. पत्रा कापून बसवायचे खरे एबीएस लुव्हरही मिळतात, पण बराचसा माल दोन उन्हाळ्यांत पांढुरका पडतो आणि बोल्टच्या भोकापाशी तडकतो. अ‍ॅल्युमिनियम घ्यावं ते एवढ्यासाठी.

आता याने होतं काय? खोक्यावर अमुक अंश तापमान उतरेल असं छापलेलं असतं. कशाचं तापमान, कुठे मोजलं, गाडी उभी की चालती, हे छापलेलं नसतं. कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट राखतो. गाडी तंदुरुस्त असेल तर लुव्हरमुळे काटा फारसा हलणार नाही, आणि हलू नये. फरक पडतो तो बॉनेटखाली कोंडलेल्या हवेत. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाकून दगडांतून चढताना वाऱ्याचा झोत नसतो, पंखा रेडिएटरमधून गरम हवा आत ओढत राहतो आणि तिला बाहेर जायला फक्त खालची वाट असते. वर भोक मिळालं की ती आपोआप चढून निघते. गाडी बंद केल्यावर तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: काचेसमोरची हवा थरथरते. वायरिंगचे कपलर, रबरी होज, बॅटरी यांना त्याचा खरा फायदा.

गाडीचा काटा घाटात वर चढतो म्हणून लुव्हर बसवणार असाल तर थांबा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत वाळलेला चिखल, ग्रिलसमोर टांगलेली विंच आणि लाइटबार, दमलेली रेडिएटर कॅप, नुसतं पाणी भरलेलं कूलंट. आधी हे तपासा. लाल मातीत दोन पावसाळे फिरलेल्या गाडीच्या रेडिएटरमधून मागून पुढे हलक्या दाबाने पाणी मारलं की जे बाहेर पडतं ते पाहून बरेच जण किट परत करतील.

जागा. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. दिसायला छान म्हणून लुव्हर काचेजवळ बसवतात. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथल्या भोकातून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरू पाहते. शिवाय केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी तिथेच, काचेखाली असते. लुव्हर तिच्या नाकाशी बसले तर एसी गरम हवा ओढतो आणि इंजिनात कुठे तेल झिरपत असेल तर त्याचा वासही. बॉनेटच्या पुढच्या अर्ध्यात, रेडिएटरच्या मागे बसवा. शंका असेल तर लोकरीचे १० सेंमीचे धागे टेपने बॉनेटवर लावा, ताशी ६० च्या वेगाने गाडी चालवायला सांगा आणि शेजारच्या गाडीतून पाहा. धागे जिथे मागे सपाट झोपतात ती जागा ठीक. जिथे उभे राहून गरगरतात किंवा पुढे वळतात ती सोडा.

पण अंतिम निर्णय बॉनेटची आतली चौकट करते. इन्सुलेशनचं पॅड काढा (क्लिपा ट्रिम टूलनेच उचला, स्क्रूड्रायव्हरने तुटतात, पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवा). खाली दुमडलेल्या पत्र्याच्या फासळ्या दिसतील. त्या कापायच्या नाहीत, बिजागरी आणि कुलपाजवळ तर मुळीच नाही. फासळ्यांमधल्या मोकळ्या खणाच्या चार कोपऱ्यांत खालून वर ३ मिमीचं भोक पाडा. आता वरून पाहिलं की चार ठिपके सांगतात मोकळी जागा नेमकी किती. मोजमापाच्या पट्टीपेक्षा हे ठिपके खरे. अर्थात पाटी ते चार ठिपके झाकेल एवढी मोठी आहे ना, हे आधी बघा.

तो झेरॉक्स कागद मात्र बाजूला ठेवा. पाटी ३०० मिमीची आणि ए-फोर कागद २९७ चा, म्हणजे आकृती दोन कागद जोडून केलेली. त्यात छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं काही टक्के लहान होतं. पाटीच उलटी ठेवून बोल्टची भोकं मार्क करा आणि कापायची रेघ पाटीच्या कडेपासून २० मिमी आत घ्या. दोन्ही पाट्या बॉनेटच्या मध्यरेषेपासून मोजायच्या, कडेपासून नाही. कडा दोन्हीकडे सारख्या असतीलच असं नाही.

बॉनेट उतरवून काम करा. दोन माणसं लागतात. बिजागरीच्या बोल्टांभोवती आधी मार्करने रेघ मारा, म्हणजे परत लावताना फटी जुळतात. गाडीवर असतानाच कापलं तर लोखंडाचा चुरा थेट अल्टरनेटर आणि त्याच्या पट्ट्यावर (बेल्टवर) पडतो.

कापण्यासाठी जिगसॉ. ब्लेड पातळ पत्र्याचं, बारीक दातांचं. टी-११८-जी हा क्रमांक सांगितला की हार्डवेअरवाला देतो. लाकडाचं ब्लेड ०.८ मिमीच्या आसपासच्या पत्र्याला पकडून ओढतं आणि कड लाटेसारखी होते. वर दोन थर मास्किंग टेप, जिगसॉच्या बुडालाही टेप, नाहीतर ते रंगावर रेघोट्या मारतं. चारही कोपऱ्यांत सेंटर पंच, मग ३ मिमी, मग स्टेप ड्रिलने १२ मिमी. कापताना रेघेच्या १ मिमी आत राहा आणि उरलेलं कानशीने आणा. ग्राइंडर नको. कट भराभर होतो हे खरं, पण डिस्कच्या उष्णतेने कडेचा रंग जळतो आणि ठिणग्या पुढच्या काचेत रुतून बसतात. त्या पुसून निघत नाहीत. चुऱ्याला फडका लावू नका. लोहचुंबक पिशवीत घालून फिरवा, मग पाण्याने धुवा. रात्रभर राहिलेला चुरा सकाळी रंगावर तपकिरी ठिपके देतो.

कापल्यावर पत्रा दाबून पाहा. डबा दाबल्यासारखा टक-टक करत असेल तर बाहेरचा पत्रा आणि आतली चौकट यांना जोडणारे मॅस्टिकचे ठिपके सुटलेत. लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने ते परत भरा. सोडून दिलंत तर हायवेला बॉनेट फडफडताना दिसेल.

कापलेली कड म्हणजे उघडं लोखंड. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर रंग, आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकवणं. गेटला लावतात तो रेडऑक्साइड इथे पुरत नाही. अलिबाग-रत्नागिरीकडे किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर याहून मोठी अडचण आहे: अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि स्टेनलेस असे तीन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम फुगतं, पावडर कोटिंगखाली पांढरी भुकटी येते. किटमध्ये नायलॉनचे वायसर नसतात. ते आणा, प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली एक.

स्पंजची पट्टीही बदला. तुकडा कापून पाण्यात दाबा आणि सोडा. पिळल्यावर पाणी निघालं तर तो स्पंज कापलेल्या कडेला पावसाळाभर ओली ठेवणार. बंद पेशींचा ३ मिमी ईपीडीएम रबराचा फोम घ्या. सांधा पुढच्या बाजूला ठेवू नका, मागे ठेवा.

बोल्टची भोकं ५.५ मिमी. बोल्टला बसेल तो अ‍ॅलन की, हाताने. इम्पॅक्ट ड्रायव्हरने नाही. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नायलॉकमध्ये वेगाने फिरवला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, मग कापण्याशिवाय इलाज नाही. आट्यांना चिमूटभर अँटी-सीझ लावा, मधून कडेकडे आळीपाळीने आवळा आणि फोम अर्धा दबला की थांबा. जास्त आवळलं तर दोन बोल्टांमधला पत्रा कमानीसारखा वर येतो.

जाळीबद्दल थोडं. समजा प्रत्येक फट १८० मिमी लांब आणि १२ मिमी उघडी आहे. सात फटींचं मिळून साधारण १५० चौरस सेंमी, म्हणजे ६६० चौरस सेंमीच्या पाटीचा पाव हिस्साही नाही. त्यात जाळीने ४० टक्के अडवलं तर उरले ९०. म्हणून बारीक डासांची जाळी नको, ५-६ मिमीच्या डोळ्यांची घ्या. अजिबात नको असंही नाही: गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांच्या एक्झॉस्टवर वाळका पाला साचणं ही गंमत नव्हे. (उंदरांची काळजी करू नका. ते पूर्वीही खालून येत होते, यापुढेही खालूनच येतील.)

आणि ती नसलेली वस्तू: पाण्याचा ट्रे. ताम्हिणीत किंवा महाबळेश्वरला जुलैत गाडी रात्रभर उघड्यावर उभी असेल तर सात फटींतून पाणी थेट इंजिनावर पडतं. चालत्या, तापलेल्या इंजिनावर शिंतोडे उडाले तर वाफ होऊन जातात. थंड, उभ्या गाडीत मात्र ते साचतात. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लगच्या कॉइल थेट वर बसलेल्या असतात, त्यामुळे एमस्टॅलियनवाल्यांना (थारचं पेट्रोल इंजिन) सकाळी मिसफायरची भीती डिझेलवाल्यांपेक्षा जास्त. १ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा, पाटीहून चारी बाजूंनी १५ मिमी मोठा ट्रे करून घ्या, कडा १० मिमी वर दुमडलेल्या, पाटीपासून २५ ते ३० मिमी खाली, स्पेसरवर टांगलेला. बाजू मोकळ्या राहिल्या पाहिजेत, हवा तिथूनच जाते. बंद बॉनेटचा उतार पुढे असतो, म्हणून निचऱ्याची १० मिमीची नळी ट्रेच्या पुढच्या कोपऱ्यात, आणि तिचं दुसरं टोक अल्टरनेटर व पट्ट्यापासून लांब, बाजूला.

ट्रे खालच्या इंजिन कव्हरला टेकतो का, हे डोळ्यांनी कळत नाही. स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणा, वर प्लॅस्टिक गुंडाळा, इंजिनच्या सर्वांत उंच भागावर ठेवा आणि बॉनेट हळू बंद करून उघडा. गोळा चेपून २० मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर ट्रे वर घ्या. इंजिन माउंटांवर हलतं; दगडावर चाक आदळलं की तेवढं अंतर सहज खाल्लं जातं.

कागदपत्रांचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या बाबतीत कडक भूमिका घेतली जाते. विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर बॉनेटच्या गंजाबद्दल सर्व्हिस सेंटर हात वर करणार हे धरून चाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या स्पेअरच्या बाजारात थारचं बॉनेट मिळालं तर ते कापा आणि मूळचं गादीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. हा मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा.

पाट्यांना पाचपैकी चार, बोल्ट आणि स्पंजला दोन, कागदाला शून्य. ट्रे देणारा विक्रेता सापडला तर थोडे जास्त पैसे देऊन त्याच्याकडून घ्या.

पावसाळ्यात गाडी उभी असताना झाकण लागेल. ते चुंबकाचं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीला धरत नाही, भोवतीच्या लोखंडी बॉनेटलाच धरतो. म्हणून झाकण पाटीहून प्रत्येक बाजूने किमान ४० मिमी मोठं कापा, आणि चावी फिरवण्याआधी ते काढा.