कॅडहेरिन आणि सिलेक्टिन: पेशींच्या दोन पकडी
पेशींच्या पृष्ठभागावरील कॅडहेरिन आणि सिलेक्टिन ही दोन्ही प्रथिने कॅल्शियमवाचून काम करू शकत नाहीत. साम्य जवळपास इथेच संपते. कॅडहेरिन बहुधा शेजारच्या पेशीवरील आपल्यासारख्याच कॅडहेरिनला धरते आणि आतल्या बाजूने ते कॅटेनिन या जोडणाऱ्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिन तंतूंशी जोडलेले असते, त्यामुळे ही पकड टिकाऊ ठरते. उंदराच्या आठ पेशींच्या गर्भात सुट्या गोट्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी ई-कॅडहेरिन या कॅडहेरिनच्या एका प्रकारामुळे एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात, की सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांच्यामधल्या सीमा पुसट होतात. भोवतालच्या द्रवातले कॅल्शियम काढून घेतले, की त्या पुन्हा सुट्या दिसू लागतात.

सिलेक्टिन मात्र दुसऱ्या पेशीवरील शर्करा ओळखते, आणि तिला धरते तेही क्षणभरच. सूज आलेल्या जागी ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर प्रकटले, की वाहत्या रक्तातली पांढरी पेशी अडकत, सुटत, पुन्हा अडकत घरंगळू लागते. तिला पक्के थांबवण्याचे काम पुढे इंटिग्रिन ही पेशीच्या पृष्ठभागावरची वेगळी प्रथिने करतात. सिलेक्टिनची पकड कमकुवत म्हणून दुय्यम मानणे मला चुकीचे वाटते, कारण सिलेक्टिन ओळखते त्या शर्करेला फ्युकोज ही साधी साखर जोडण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांना, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असूनही, वारंवार जिवाणूसंसर्ग होतो.