खिशातला चाकू: लाकडी मुठीचा घ्यावा की धातूच्या?

विळा-कोयत्याचं काम विळा-कोयत्याकडेच राहू द्या. केळीची पिलं कापायला किंवा घड उतरवायला घडीचा चाकू कोणी काढत नाही. प्रश्न आहे तो बंडीच्या खिशात दिवसभर पडून राहणाऱ्या चाकूचा. लॅटरल (ठिबकची नळी) कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, घडाखालचं कमळ (केळफूल) काढायचं आणि मध्येच बांधावर बसून पेरू चिरायचा.

जुन्या वळणाच्या चाकूंत निवड शेवटी दोघांवर येते. एक फ्रान्सचा ओपिनेल. बीचच्या लाकडाची गोल मूठ आणि पातं अडकवणारी फिरती कडी. शेतीला ८ नंबर पुरतो, पातं साडेआठ सेंटिमीटर. दुसरा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. त्यातला लाल प्लास्टिकवाला नव्हे, तर खरबरीत अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा ‘फार्मर’, ज्यात करवत आणि भोक पाडायचा टोच्याही येतो. आठवडे बाजारातला कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादाचा) घडीचा चाकू स्वस्त पडतो आणि धारही बरी धरतो, पण त्याची खीळ ढिली झाली की पातं डुलायला लागतं. ती ठोकून घट्ट करता येते, पण जास्त ठोकली तर उघडतच नाही.

आधी धारेचं बोलू, कारण तिथे ओपिनेल सरळ पुढे आहे. पातं पातळ आणि कण्यापासून धारेपर्यंत निमुळतं. १६ मिलिमीटरची लॅटरल कापताना हे लगेच कळतं. जाड पातं नळी आधी चेपतं, मग कापतं. काप तिरका जातो, दोन नळ्या जोडणारा जॉइनर एका बाजूने कमी बसतो आणि दाब वाढला की तिथून पाणी फुटतं. पातळ पात्याने नळी फिरवत कापली तर तोंड सरळ राहतं. ‘फार्मर’नेही जमतं, फक्त दाबायचं नाही, फिरवायचं. पण टोच्याने लॅटरलला ड्रिपरचं भोक मात्र पाडू नका. टोच्या निमुळता असल्याने भोकाची कड फाटते आणि ड्रिपर गळत राहतो, ठिबकचा भोक पाडायचा पंचच वापरा. गोणीला आणि चामड्याला भोक पाडायला टोच्या उत्तम.

कडीचा फायदाही खरा आहे. १९५५ पासून असलेली ही कडी पातं उघडं असताना अडकवली की बोटांवर मिटण्याची भीती नाही. ‘फार्मर’मध्ये पातं फक्त पाठीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोरावर उभं राहतं. टोकावर दाब देऊन काही खुपसायला गेलात तर ते मिटू शकतं.

मग अडतं कुठे? मुठीत. बीचचं लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पात्याच्या बुडाला धरून बसणारी खाच त्यामुळे आवळली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या बागेत, चिकाने बुळबुळीत झालेल्या हातांनी ते पातं नखाने ओढून पाहा! मुठीचं बूड दगडावर आपटलं की पातं जरा बाहेर येतं, ही जुनी युक्ती आहे आणि ती चालतेही. पण एका हातात घड धरलेला असताना दगड शोधायचा कुठून? उलट मे महिन्यात रावेर-भुसावळच्या कोरड्या उन्हात तेच लाकूड आकसतं आणि पातं सैल होतं. म्हणजे एकच चाकू वर्षातून दोनदा स्वभाव बदलतो. चाकूची इतकी मनधरणी मला तरी झेपत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला यातलं काहीच नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. थरांच्या फटीत केळीचा चीक आणि काळी माती बसते, आणि कमान जड चालायला लागते. नुसत्या पाण्याने चीक निघत नाही. आधी रॉकेलचा बोळा फिरवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात पातं दहा-बारा वेळा उघडझाप करा, वाळवा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. घरचं गोडेतेल सोडू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन बसतं.

कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या रानात, जिथे चिकाचा आणि ओल्या हाताचा संबंध कमी, तिथे ओपिनेल घेणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त कार्बन पोलादाचं पातं घेताना विचार करा. केळी-लिंबाने ते काळं पडतं, ते ठीक; पण युरियाची गोणी फाडून न पुसता ठेवलं की पावसाळ्यात लाल गंज धरतं, आणि पेरूला लोखंडाचा वास येतो तो वेगळा. ‘इनॉक्स’ लिहिलेलं, म्हणजे न गंजणारं घ्यावं.

नवा ओपिनेल आला की कडी ढिली करून पातं उघडा. १२० नंबरचा पॉलिश पेपर जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला गुंडाळून खिळीजवळच्या खाचेच्या दोन्ही भिंती हलक्या हाताने घासा. थोडंच, नाहीतर उन्हाळ्यात पातं जास्तच डुलेल. मग मुठीला आतून-बाहेरून जवसाचं तेल द्या, रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसा आणि काही दिवस सावलीत ठेवा. पुसलेलं फडकं मात्र गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचं चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.