आमच्या दूध संकलनाच्या ॲपसाठी आरडीएस (ॲमेझॉनची भाड्याने मिळणारी डेटाबेस सेवा): दीड वर्ष वापरल्यावर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर आणि निपाणी भागातल्या बावीस दूध संकलन केंद्रांचा हिशेब आमच्या ॲपवर चालतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत डेटाबेस बंद पडून चालत नाही. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात. पूर्वी टिळकवाडीतल्या ऑफिसात स्वतःचा सर्व्हर होता. एका पावसाळ्यात लाईट जा-ये करून डिस्क गेली, आणि बॅकअपची फाईल उघडली तर शून्य बाइट. चार दिवस वह्यांवरून नोंदी भरत बसलो.

मग ॲमेझॉन आरडीएसवर पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला, मुंबई रीजन, म्हणजे ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर. सभासदांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये. दोन्ही एकाच रकान्यात नीट बसतात.

अशी सेवा निवडताना सगळे आधी तिचा दर विचारतात. मी सांगेन, आधी रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून बघा. मार्चमध्ये दरपत्रक बदलताना माझ्याकडून अपडेटच्या आज्ञेला व्हेअर, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट, लावायचं राहिलं. ७ वाजून १२ मिनिटांनी निपाणीकडच्या केंद्रावरून ताईंचा फोन: "दादा, गाईच्या दुधाला म्हशीचा भाव लागलाय की! पावती देऊ का थांबू?" सगळ्या केंद्रांना कळवलं, फक्त लिटर आणि फॅट नोंदवा, पावत्या नंतर. मग ७:०५ ची वेळ देऊन पॉइंट-इन-टाइम रिस्टोअर लावला, म्हणजे त्या क्षणी होता तसा डेटा परत मागवला. आरडीएस जुन्या डेटाबेसला हात लावत नाही, शेजारी नवा उभा करतं. पंचवीसेक मिनिटांत तो तयार झाला. त्यातलं फक्त दरांचं टेबल उचलून आणलं. त्या सकाळची एकही नोंद गेली नाही. आठच्या आत पावत्या सुरू.

मल्टी-एझेड (डेटाबेसची दुसरी प्रत वेगळ्या डेटासेंटरात सतत तयार ठेवणं) घेतलं की बॅकअपची गरज नाही, असा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. मशीन बंद पडलं तर साधारण एक-दोन मिनिटांत दुसरं काम हाती घेतं, हे खरं. पण माझी ती चुकीची अपडेट दुसऱ्या प्रतीतही त्याच क्षणी गेलीच होती. तिथे बॅकअपच उपयोगाला येतो. तरी मल्टी-एझेडचा जवळपास दुप्पट खर्च आम्ही सोसतो, संकलनाच्या वेळेसाठी.

दोन गोष्टी आधीच बघून घ्या. स्टोरेज वाढवता येतं, पण सरळ कमी करता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच भरमसाट घेऊ नका. आणि देखभालीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, द्यावी लागते. आम्ही २०:३० दिली आहे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दोन.

आपोआप होणारे बॅकअप ठेवण्याची मुदत मात्र ३५ दिवसांवर नेली, त्याहून जास्त मिळत नाही. आमची बिलं दहा दिवसांनी निघतात, आणि दरातली चूक बहुतेक वेळा बिल सभासदाच्या हातात पडल्यावरच कळते.