पिल्लू गेलेल्या मांजरीला इथं दाखवा (प्राण्यांचा दवाखाना, परभणी)

मांजर पाळणाऱ्या लोकांच्या कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहायलेय.

आमच्या ठकीचं पहिलंच बाळंतपण, एकच पिल्लू झालं, ते डोळे उघडून रांगायला लागलं न लागलं की गल्लीतल्या बोक्यानं मारलं. ठकी त्याला कसं शोधायली होती ते बघवत नव्हतं. कोठीच्या मागं, कॉटखाली, माळ्यावर, परत खोक्यात, आणि घशातल्या घशात पिल्लाला बोलवायचा तो वेगळाच आवाज दिवसभर चालू. लेकाचा मोजा वाळत घातलेला, तो तोंडात धरून आणला, खोक्यात ठेवला आणि त्याला पोटाशी घेऊन बसली. खाणं बंद. त्यात मागच्या बाजूचे सड टणक लागायले, हात लावू देईना.

एका ठिकाणी फोन केला तर म्हणे मांजर आहे, दोन दिवसात विसरंल, आणू नका. लई वाईट वाटलं. मग शेजारच्या काकूंनी या दवाखान्याचं सांगितलं आणि आम्ही सकाळीच घेऊन गेलो.

मॅडमनी आधी विचारलं पिल्लू कशानं गेलं. म्हणल्या ताई, आजारानं गेलं असंल तर घराचा विचार वेगळा करावा लागतो, मांजराचा एक पार्व्हो नावाचा विषाणू असतो, तो घरात वर्षभर सुद्धा टिकतो आणि साध्या फिनाइलनं मरत नाही, उलट फिनाइल मांजराला विषारी आहे, पाय चाटून पोटात जातं. आपण तर रोज त्यानंच फरशी पुसतो! आमचं प्रकरण बोक्याचं होतं म्हणून तो विषय तिथंच संपला.

मग ताप बघितला, १०२ निघाला. मांजराला साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मलच असतं, आपल्यासारखं ९८ नाही, त्यामुळं नुसतं अंग गरम लागलं म्हणून घाबरायचं नाही. एकेक सड बोटानं तपासला, एका गाठीतून थेंबभर दूध काढून बघितलं, पांढरं आहे म्हणल्या, दूध साचलंय फक्त, पिकलेलं नाही. दूध पिवळट, गुलाबी किंवा फुटल्यासारखं आलं, कातडी लालभडक-काळसर झाली, ताप चढला तर त्याच दिवशी घेऊन या, रात्र काढू नका. घरी पिळून दूध काढायचं नाही हे तर तीनदा बजावलं, कारण जितकं काढाल तितकं परत उतरतं. ओल्या फडक्यानं गार शेक द्या, ती बसू देईल तेवढाच वेळ. दूध आटवायचं औषध असतंय पण ते लागलं तरच देणार, आणि लागलंच नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडलं, उगं बिल फुगवलं नाही.

आमच्या सासूबाईंनी तिथंच विचारलं, दुखतंय तर माणसाची तापाची गोळी पाव तुकडा दिली तर चालंल का. मॅडम एकदम सीरियस झाल्या. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे, थोडं सुद्धा, तिच्या शरीरात ते पचवायची सोयच नसते. कृपा करून हे सगळ्यांना सांगा, आपल्याकडं घरोघरी ती गोळी असते आणि लोक मायेपोटीच देतात.

खाण्याचं पण नीट समजावलं. दूध कमी व्हावं म्हणून उपाशी ठेवायचं नाही, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हरवर चरबी चढते आणि तो आजार लई अवघड. चिकन उकडून, मीठ-कांदा-लसूण काहीच न घालता, कोमट करून द्या म्हणजे वास सुटतो. त्या दिवशी संध्याकाळी बोटावरचं चाटलं, मग ताटलीतलं खाल्लं.

आणि तिच्या मनाचं. मी भीत भीतच विचारलं, वाटलं हसतील. हसल्या नाहीत. तिनं पिल्लू मेलेलं बघितलं का, वास घेतला का, विचारलं. घेतला होता, बराच वेळ चाटायली होती, मग आम्ही कडुलिंबाखाली पुरलं. म्हणल्या बरं केलं. खोकं आणि त्यातली वाकळ लगेच काढू नका, धुऊ पण नका, ती स्वतःच तिकडं जायची बंद होईल तेव्हा काढा. मोजा हिसकावू नका. ओरडली तर रागवू नका, जबरदस्तीनं मांडीवर घेऊ नका, जवळ आली तर बसा तिच्यापाशी. एखादं निरोगी अनाथ पिल्लू आलं तर दूध आहे तोवर लावून बघता येईल, पण त्याला एकटं सोडायचं नाही, ती फिस्कारली तर उचलायचं. तसं पिल्लू मिळालं नाही. ठकी हळूहळू आपलं आपण सावरली, आवाज आधी रात्रीपुरता राहिला मग तो पण थांबला.

अजून एक, पिल्लू गेलं की मांजर लवकर माजावर येते, दूध आटायच्या आधी सुद्धा. बोका तर अंगणातच. म्हणून घरात कोंडून ठेवायला सांगितलं आणि गाठी पूर्ण उतरल्यावर इथंच पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. टाके व्यवस्थित.

आता कमी काय ते. बसायला एकच बाकडं आणि त्याच बाकड्यापाशी कुत्रे, कोणाची बकरी सुद्धा. आधीच भेदरलेली मांजर, टोपलीत नुसती थरथर कापायली होती, ओढणी टाकून झाकली तेव्हा जरा गप झाली. दुपारी फोन उचलत नाहीत. मे महिन्यात दुपारचं जाऊच नका, बाहेर रांगेत सावली नाही. चाराच्या वर अर्धा स्टार देता येत नाही नाहीतर साडेचार दिले असते, पाच देते.

मॅडम हे वाचायल्या असतील तर एक विनंती, मांजरांसाठी आतल्या बाजूला एक कोपरा करा, पडदा लावला तरी चालंल.