केरीत राहायचं की सिडनी गाठायची?

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळात पगार नाही. आयर्लंडच्या केरी परगण्यातला डेव्हिड क्लिफर्ड या खेळातला आजचा मोठा तारा, पण पेशाने शिक्षक. पगार देणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबांचा त्याच्यावर डोळा होता. गडी हलला नाही. २०२२ आणि २०२५ ला ऑल-आयर्लंड, म्हणजे परगण्यांमधलं अजिंक्यपद, जिंकून मोकळा.

केरीचाच टाइग केनेली मात्र सिडनी स्वान्स या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबाकडे गेला. गोल चेंडू सोडून लंबगोल चेंडूवर हात बसवायचा, म्हणजे पुन्हा बाराखडीपासून सुरुवात! २००५ ला विजेतेपदाचं पदक घेताना पठ्ठ्या मंचावर चक्क आयरिश नाच नाचला. पगार होता, नाव होतं. तरी २००९ ला घरी परतून त्याने ऑल-आयर्लंड मिळवलंच. वडिलांकडे तसली पाच पदकं होती ना!

मला विचाराल तर क्लिफर्डची वाट जास्त अवघड. रविवारी हजारोंसमोर सामना, सोमवारी वर्गात हजेरी.