इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग : एका पावसाळ्यानंतर, साताऱ्यातून

आधीची गाडी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने मदत करणाऱ्या पॉवर स्टिअरिंगची होती. दिवाळीत इलेक्ट्रिक, म्हणजे मोटरने मदत करणाऱ्या स्टिअरिंगची छोटी हॅचबॅक घेतली, आता पावसाळाही सरत आला. मायलेज, एसीबद्दल भरपूर लिहिलं जातं, म्हणून मी फक्त स्टिअरिंगवर लिहितोय.

राजवाड्याच्या गर्दीत गाडी लावताना एका हाताने स्टिअरिंगचं चाक पूर्ण फिरतं. टेस्ट ड्राइव्हला सगळे या हलकेपणावरच खूश होतात. मला हा निकष पटत नाही. हलकं करणं मोटरला सोपं आहे. मदत कधी काढून घ्यायची आणि चाक सरळ कसं परतू द्यायचं, कस तिथे लागतो.

आपण जोर लावला की स्टिअरिंगमधला टॉर्शन बार, म्हणजे एक बारीक दांडा, किंचित पिळला जातो. सेन्सर तो पीळ मोजतो, आणि कंट्रोल युनिट गाडीचा वेग बघून मोटरला करंट देतं. वेग वाढला की मदत कमी. १९८८ मध्ये सुझुकीच्या ‘सर्वो’ या गाडीत ही यंत्रणा पहिल्यांदा आली. खंबाटकी घाट ओलांडून हायवेला लागलो की चाक छान घट्ट होतं, थकवा येत नाही. ओल्या रस्त्याची जाणीव मात्र हायड्रॉलिकमध्ये हाताला जास्त पोचायची. ती मला अजूनही हवीशी वाटते.

कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात उणीव दिसते. मोठ्या वळणातून चाक आपसूक परततं, पण अगदी हळू वेगात थोडं अलीकडेच थांबतं. कमी वेगात टायरकडून परतवणारा जोर कमी येतो, आणि मोटर-गिअरचं घर्षण त्याला अडवतं. महागड्या गाड्यांत कंट्रोल युनिट स्वतः चाक मध्याकडे ढकलतं. माझ्यात ते पुरेसं जाणवत नाही.

बोळात गाडी वळवताना चाक शेवटपर्यंत दाबून धरलं तर थोड्या वेळाने जड होतं. मोटर तापू नये म्हणून करंट कमी केला जातो. जरा दम घेऊ दिला की पूर्ववत.

एक कळकळीची विनंती. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करू नका. चाक फिरतं, कारण यांत्रिक जोड कायम असतो, पण मोटरची मदत जाते आणि पुढे स्टिअरिंगचा लॉकही पडू शकतो. ब्रेकचा बूस्टरही दोन-तीन दाबांत संपतो.

टायरचं अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा (स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या सेन्सरचा) शून्य स्कॅनरने सेट करून मागा. एका दुकानात तो केला नव्हता, तेव्हा गाडी डावीकडे ओढत राहिली होती. दुसरीकडे सेट केल्यावर त्याच टायरवर सरळ चालू लागली.

घेणार असाल तर गाडी शहरातल्या पोवई नाक्यावर नव्हे, घाटात चालवून बघा, आणि वळणातून बाहेर पडताना पकड सैल करून चाक किती परततं ते पाहा.